मातीचं जातं

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचा एक्स-रे काढून आणला, तेव्हा डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि दोन हाडांमधल्या अंधुक फटीवरून पेनाचं टोक फिरवत म्हणाले, "झीज झाली आहे. वयानुसार होतेच." पुढेही त्यांनी बरंच सांगितलं, मांडी घालून बसू नका, जिने कमी चढा, सकाळच्या उन्हात थोडं बसत जा, पण माझं मन त्या एका शब्दापाशीच अडलं. झीज म्हटल्याबरोबर माझ्या तळहातावर चिमूटभर पीठ आलं, तांबूस, गार, बोटांत चोळलं की पावडरीसारखं पसरणारं, आणि ते कुठून आलं हे आठवायला मला क्षणही लागला नाही.

ते माझ्या मातीच्या जात्याचं पीठ होतं.

तुम्ही तसं जातं पाहिलं नसेल कदाचित. आमच्या छत्तीसगडात पोळ्याला पोरा म्हणतात, आणि पोरा जवळ आला की कुंभारणी टोपल्या भरभरून मातीची खेळणी घेऊन गोलबाजारात बसतात. मुलांसाठी चाकांचे नंदिया बैल, मुलींसाठी चूल, लहान लहान मडकी आणि जांता. पैऱ्यात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, नीट निजवून आणलेली ती खेळणी बाहेर काढली की भाजलेल्या मातीचा आणि ओलसर पेंढ्याचा असा एक वास सुटे, की मी टोपलीत तोंड घालून उभी राही आणि आई मागून वेणी ओढी. माझं जातं तळव्यात मावेल एवढं होतं. दोन चकत्या, खालच्या तळीच्या मधोमध मातीचीच बोटाच्या पेराएवढी खीळ, वरच्या तळीला एक भोक त्या खिळीसाठी आणि दुसरं काठाशी, खुंट्यासाठी. खुंटा बांबूच्या काडीचा. भट्टीत एका बाजूनं जास्त आच लागली असावी, कारण तिथे ते काळपट झालं होतं. आणि खालून उलटं केलं की कुंभारणीच्या अंगठ्याचा ठसा दिसे, रेघांसकट. त्या ठशात मी माझा अंगठा ठेवून पाही. पुष्कळ जागा उरे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आम्ही दाई म्हणत असू. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, हे आईला ठाऊक होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दाई रामकुंडाकडच्या वस्तीतून येई, आणि येताना पदराच्या गाठीत माझ्यासाठी मूठभर कनकी आणी. दुबराज तांदळाची असली तर गाठ सोडताच पडवीभर वास होई. ती कनकी मी जात्यात घालून दळत बसे. खर्र, खर्र. दाणा काही फुटत नसे, तो तसाच गुळगुळीत कडेनं बाहेर पडे, पण त्याच्यासोबत ते तांबूस पीठ मात्र रोज निघायचं. भांडी आटोपली की दाई ओले हात लुगड्याला पुसून माझ्यासमोर उकिडवी बसे, ओंजळ पुढे करी आणि म्हणे, "दे नोनी, पिसान दे." मी तिच्या ओंजळीत ते पीठ ओती. ती ते मळल्यासारखं करी, थापल्यासारखं करी, फुंकर घालून खाल्ल्यासारखं करी. जातं स्वतःलाच दळत होतं हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं जावी लागली. दाईला ते तेव्हाही कळत असणार.

आता थोडं आमच्याविषयी सांगायला हवं, म्हणजे आमचा पोळा असा दोन घरचा का होता ते कळेल. रायपुरात मराठी माणसं काही काल आली नाहीत. भोसल्यांच्या फौजा 1741 साली इकडे उतरल्या, पुढे बिंबाजी भोसले 1758 पासून रतनपुरात राहून राज्य करू लागले, आणि तात्यापाऱ्यासारखी नावं या शहरात अजून नांदताहेत. माझे आजोबा मात्र साध्या कारकुनीच्या नोकरीवर नागपुराहून बदली होऊन आले, नागपूर इथलीही राजधानी होती तेव्हा. 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर तिकडे गेलं, रायपूर इकडे राहिलं. 2000 साली आणखी एक नवं राज्य झालं. आम्ही कुठे हललो नाही. वडिलांनी चौबे कॉलनीत घर बांधलं, पुढे पडवी, मागे पेरूचं झाड आणि कुंपणापलीकडे मोकळं रान, आणि त्या घरात महिनेसुद्धा दोन असत. आईच्या कालनिर्णयात श्रावण सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधीच दाईचा सावन लागलेला असे. अमावास्या तेवढी दोघींची एकच.

आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला आई घरातले सगळे दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडी, समया, निरांजनं, कंदीलसुद्धा, आणि त्याच सकाळी दाईची हरेली असे. गुरं राखणारा राऊत येऊन दारावर कडुलिंबाची डहाळी खोचून जाई. मागून लोहार येई आणि काही न बोलता दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकी, घरात इडापिडा शिरू नये म्हणून; आई त्याला सुपातून डाळतांदूळ घाली. दर वर्षी एक खिळा. चौकटीच्या डाव्या अंगाला त्यांची वेडीवाकडी रांग झाली होती, जुने गंजून काळे, नवा चकचकीत, आणि येताजाता त्यांवरून बोट फिरवायची मला सवयच लागली होती.

त्या दिवशी दादाची गेडी यायची. दोन उंच बांबू, गुडघ्याच्या उंचीवर बांबूच फाडून केलेले पाय ठेवायचे पउवे, आणि ते काथ्याच्या दोरीनं आवळून बांधलेले. दाईचा मुलगा ती बांधून देई, आणि बांधल्यावर त्या गाठींवर मातीचं तेल, म्हणजे घासलेट, ओतून गेडी उन्हात उभी करून ठेवी. तेल प्यालेली दोरी उन्हात वाळली, की चालताना बांबूला घासून बोलू लागते. रच-रच, रच-रच. सगळी गल्ली त्या आवाजानं आणि घासलेटच्या वासानं भरून जाई, चिखलातून, डबक्यांतून मुलं कोरड्या पायांनी उंचावरून चालत जात, आणि दाई ओसरीवरून ओरडे, "धीरे रेंग बाबू, गिर जाबे!" आपण मराठीत रांगतो ते मूल असताना आणि रेंगाळतो ते वाट संपू नये असं वाटतं तेव्हा, तिच्या भाषेत मात्र रेंगणं म्हणजे नुसतं चालणं. मलाही एकदा दादानं गेडीवर चढवलं होतं. कुंपणापलीकडचं रान, त्यापलीकडे तळ्याच्या पाण्याची एक उजळ रेघ, हे सगळं मी त्या एका दुपारी पाहिलं, दादानं दोन्ही बांबू घट्ट धरले होते तोवर.

गेडीचं आयुष्य एका महिन्याचं. हरेलीला यायची आणि पोऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदाला, मुलं ती वाजतगाजत वस्तीबाहेर नेऊन टाकून द्यायची. नागपुरात त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, आणि आजोळच्या पत्रात मामा तिचं वर्णन लिहून पाठवी. दादा दर वर्षी रडायचा. दर वर्षी दाईचा मुलगा त्याला खांद्यावर बसवून घेऊन जाई आणि गेडी दादाच्याच हातानं टाकायला लावी. मामानं एकदा तान्ह्या पोळ्यासाठी दादाला नागपुराहून लाकडी बैल पाठवला, झूल रंगवलेला, पितळी घुंगरांचा. तो अजून आहे. काचेच्या कपाटात उभा आहे, रंगसुद्धा फारसा उडालेला नाही, आणि त्याच्याकडे पाहून मला काहीच आठवत नाही, ही गोष्ट मला अलीकडे फार लागते.

पोऱ्याच्या दिवशी घरात दोन तऱ्हेचे पदार्थ असत. सकाळीच दाई आपल्या घरची ठेठरी आणि खुरमी पळसाच्या पानांत बांधून आणी, ठेठरी बेसनाची, ओव्याच्या वासाची, खुरमी गुळाची आणि चांगली कडक. आणि इकडे आईचं पुरण शिजत असे, वेलदोडा-जायफळाचा वास स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत येई. मातीच्या बैलांची पूजा होई, बैलापुढे आमच्या दोन्ही घरचा नैवेद्य. संध्याकाळी आईची पिठोरी. दिवसभराचा उपास असलेली आई खीरपुरीचं ताट हातात घेऊन आमच्याकडे पाठ करून उभी राही, ताट खांद्यावरून मागे धरी आणि विचारी, "अतीत कोण?" आम्ही मागे कोपरानं एकमेकांना ढकलत असू. "मी!" दादा ओरडे. "मी!" मी ओरडे. मागे न बघता ती हसते आहे हे तिच्या पाठीवरून कळायचं. अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा, एवढंच तेव्हा माहीत होतं. पुस्तकातल्या मराठीत त्याचा अर्थ होऊन गेलेला काळ, हे पुढे शाळेत कळलं.

आणि त्याआधी, ऊन कलता कलता, पोरा पटकायचा असे. वस्तीतल्या मुली, लेकी, नव्या सुना आपापल्या घरचं एकेक मातीचं खेळणं घेऊन कुंपणापलीकडच्या रानात जमत आणि एका जागी ते आपटून फोडत. हसत, गात. दाई मला नेई. एरवी मी एखादं मडकं फोडून टाळ्या पिटत परत येत असे, पण एका वर्षी मडकी आधीच फुटली होती, उरलं होतं ते जातं. मी ते फ्रॉकच्या आत पोटाशी धरून उभी राहिले. माती गार होती आणि खुंटा बेंबीपाशी टोचत होता. माझी पाळी आली, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी मान खाली घातली. दाई काही बोलली नाही. तिनं आपल्या पदराखालून एक मडकं काढलं, तिच्या नातीसाठी ठेवलेलं असावं, ते माझ्या हातात दिलं, माझ्या हातावर तिचा हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून ते आपटलं. फुटताना फट् असा हलका आवाज झाला. घरी परतताना तिनं माझ्या पोटाशी एकदा बोट लावून पाहिलं, जातं आहे ना याची खात्री केली जणू, आणि आईला त्यातलं काहीच सांगितलं नाही.

असं ते जातं उरलं. डालड्याच्या रिकाम्या डब्यात चिंध्यांवर ठेवलेलं, माळ्यावर. मी कॉलेजात गेले, लग्न झालं, मुलगी झाली. तिनंही त्यात दळलं, तिच्या ओंजळीतही ते तांबूस पीठ पडलं आणि वरची तळी पापडासारखी पातळ होत गेली. दाई त्याच्या कितीतरी आधी गेली होती. एका वर्षी तीजेच्या सणाला तिची लेक माहेरी आली, ती एकटीच दार उघडून बसली, असं आई सांगे. मग आई गेली. घराची इमारत करायचं ठरलं तेव्हा पाडणारी माणसं चौकटी काढत होती आणि मी खिळे मोजत उभी होते. पंचवीसपर्यंत मोजले. त्यानंतर लोहार यायचा थांबला होता. ती चौकट ट्रकवर चढली, डबा त्याच धांदलीत कुठे उघडला कोण जाणे, खालची तळी गेलीच. वरची तेवढी माझ्यापाशी आहे. आता त्याच जागेवर, तिसऱ्या मजल्यावर, मी राहते. खिडकीतून तळ्याकडची उजळ रेघ दिसत नाही, मधे घरं झाली आहेत. 2019 पासून हरेलीची सरकारी सुट्टी असते, समारंभात रंगवलेल्या गेड्यांवर मुलं चालतात, आणि मला ते पाहायला मनापासून आवडतं. पण त्या गेड्यांचा आवाज या खिडकीपर्यंत पोचत नाही.

यंदाच्या पोळ्याला मी वाटीभर खीर आणि पाच पुऱ्या केल्या. दादाचा नागपुराहून फोन आला, त्याचे दोन्ही गुडघे बदलून झालेत. "काय करून राहिलीस?" म्हणाला. मी सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि मग त्या म्हाताऱ्या, किंचित कापऱ्या आवाजात फोनमधून अचानक आलं, "रच-रच. रच-रच." मी फोनचा आवाज मोठा करून तो पाठीमागच्या टेबलावर, त्या उरलेल्या तळीजवळ ठेवला. दिवा लावला. पाठमोरी उभी राहिले, ताट दोन्ही हातांनी खांद्यावरून मागे धरलं. हात भरून आले, पण धरलं.

"अतीत कोण?"

"मी," दादा म्हणाला, मला ढकलून पहिला नंबर लावल्याच्या घाईनं.

ताट माझ्याच हातात होतं. तरी मीही म्हटलं, "मी."