गार बाजू, ऊन बाजू

मटेरियल सायन्सचा पेपर मला दोनदा द्यावा लागला हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पण त्या विषयातलं जे थोडंफार खरंच डोक्यात शिरलं ते एका चाकूमुळे, हे माझा रूम पार्टनर सोडून कोणालाच माहीत नाही. रेक्टर सरांना तर नाहीच. (सर, वाचत असाल तर काळजी नसावी. चाकू आता हॉस्टेलवर नाही.)

चाकू आजोबांचा. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते, तिथून तो दापोलीला घरी आला. घडीचा चाकू, मिटला की जेमतेम तीन इंच. पात्यावर शेफील्डचा छाप, मुठीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या आणि मधल्या भागात दोन्ही बाजूंना शिंपल्याच्या पट्ट्या. आपल्या किनाऱ्यावर पायाखाली कुरकुरतो तो शिंपला नव्हे, मोत्याच्या मोठ्या कालवाचा आतला झळाळता थर. ॲडमिशन झाली तेव्हा आजोबांनी तो मला दिला. "फळं कापून खात जा. आणि दर सुट्टीत घेऊन ये, मी धार लावून देईन."

मी त्याने रंगाचा डबा उघडला. गॅदरिंगचा बॅनर रात्रीत संपवायचा होता आणि दुसरं काही सापडेना. चाकू सटकला, फरशीवर आपटला आणि एका बाजूच्या पट्टीचे तीन तुकडे झाले. चीर बरोबर पिनेच्या भोकातून गेली होती.

दिवाळीला घरी जायचं होतं. मग काय, पार्टनरच्या जुन्या कंपासपेटीचं मोतिया रंगाचं प्लॅस्टिक कापलं, घासलं, ॲराल्डाइटने चिकटवलं. दिसायला झकास! आजोबांचे डोळे आता अधू झालेत, त्यांना काय कळणार, असाही एक हिशेब होता. तो लिहायला आज लाज वाटते.

आजोबांनी चाकू हातात घेतला. अंगठा एका बाजूवरून फिरवला, मग दुसऱ्या. काही बोलले नाहीत. सुट्टीभर चाकू खिडकीत पडून होता, धारही लावली नाही. निघताना म्हणाले, "तुझ्याकडेच ठेव. ही बाजू ऊन लागते रे."

एसटीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. तो हातातली उष्णता प्लॅस्टिकपेक्षा भराभर ओढून घेतो, म्हणून गार लागतो. थर्मल कंडक्टिव्हिटी! व्हायव्हाला व्याख्या घडाघडा म्हटली होती.

खरा शिंपला मिळवायला मुंबईच्या चोर बाजारात दोन खेपा झाल्या. पूर्वी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमहून हा शिंपला जगभर जायचा, मुख्यतः शर्टाच्या बटणांसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची बटणं आली आणि तो धंदा बसला. मला शेवटी शिंपल्याचा एक जुना पेपर कटर मिळाला, टवका उडालेला. त्यातून माझ्या मापाच्या, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या, तीनच पट्ट्या निघणार होत्या.

पहिली पट्टी वर्कशॉपच्या ड्रिलवर गेली. कोरडी, आणि स्पीड फुल. केस जळल्यासारखा वास आला आणि ड्रिल पलीकडे निघताना मागून टवका उडाला. वास प्रथिनाचा. कॅल्शियम कार्बोनेटच्या, साधारण अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि मधे प्रथिनाचा पातळ थर, विटा आणि गाऱ्यासारखा. त्यामुळेच चीर सरळ जात नाही, वाट बदलत राहते आणि शिंपला साध्या खनिजापेक्षा कितीतरी चिवट ठरतो. पण मी उष्णतेने गाराच जाळला होता.

दुसरी पट्टी सुरेख बसली. पितळी पिन घातली, रिव्हेट करायला हातोडीचे दोन हलके ठोके दिले आणि टिक! भोकापासून कडेपर्यंत चीर. वर्कशॉपचे सर मागे उभे होते. म्हणाले, "पिन ठोकली की फुगते. फुगून जाणार कुठे?" पाचर मीच मारली होती.

तिसऱ्या पट्टीला आठवडाभर हात लावला नाही. मग सगळं हळू केलं. मेसमधून परात आणली आणि पाण्यातच कानस चालवली, कारण ही पूड छातीत जाणं वाईट. तोंडाला रुमाल होताच. खाली लाकूड ठेवून, पाण्याचे थेंब सोडत, हातड्रिलने भोक पाडलं, पिनेपेक्षा किंचित मोठं. पिन ठोकली नाही, नुसती चिकटवली. मग वॉटर पेपर ४०० पासून २००० नंबरपर्यंत आणि शेवटी टूथपेस्ट. हसू नका, चमक येते.

घासताना एक गंमत दिसली. जरा घासलं की गुलाबी जागी हिरवं यायचं, अजून घासलं की ते सरकायचं. रंग म्हणून त्यात काही नसतोच, त्या पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ. सी. व्ही. रामन यांनी शिंपल्यांच्या या रंगांवर लिहिलं आहे. नोबेल मिळालेला माणूस शिंपले निरखत बसतो, हे वाचून बरं वाटलं. कुठे थांबायचं ते मात्र पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या बाजूच्या जुन्या पट्टीशी बऱ्यापैकी जुळलं तिथे मी थांबलो.

मे महिन्यात घरी गेलो. आजोबा ओटीवर होते. आधी रंगाच्या डब्याचं सगळं सांगून टाकलं आणि मग चाकू दिला. अंगठा फिरला. एक बाजू, दुसरी बाजू, परत पहिली. मग आजीला हाक मारून त्यांनी दगड मागवला आणि धार लावायला बसले.

संध्याकाळी सरबतासाठी लिंबू घेतलं तेव्हा मी घाईने म्हणालो, "आजोबा, लिंबू नको. आम्लाने शिंपला खराब होतो, कार्बोनेट आहे ना."

"साठ वर्षं लिंबंच कापतोय," आजोबा म्हणाले आणि मूठ धोतराच्या सोग्याला पुसली.