जाहिरात पाहून घेतलेले शेअर

आमच्या कसबा बावड्यात ‘शेअर’ म्हटलं की आधी राजाराम साखर कारखान्याचा शेअर आठवतो. आमच्याकडे तो सासऱ्यांच्या नावावर आहे. त्याला ना रोजचा भाव, ना जाहिरात. सभासदाला सवलतीची साखर मिळते, आणि हंगाम सुरू झाल्याचं मळीच्या वासावरूनच कळतं.

अशा घरात राहून मी मात्र गेल्या वर्षी भलताच उद्योग केला. रात्रीच्या मालिकेत एका कंपनीची जाहिरात सारखी लागायची. (नाव सांगत नाही, चूक माझीच!) भिशीचे 20 हजार हाती आले आणि मी ह्यांना न विचारता मोबाईलवरून त्या कंपनीचे शेअर घेतले. आठ दिवसांत भाव चढला. मी तर मनातल्या मनात नवीन मिक्सरही आणला! महिन्याभरात भाव घसरला तो घसरलाच. कंपनीला नफा होतो की तोटा, हे बघायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

मग मात्र स्वस्थ बसवेना, म्हणून वाचायला घेतलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डाँग लू यांनी 2014 साली अमेरिकन कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जाहिरातीचा खर्च वाढला की आपल्यासारखे छोटे लोक ते शेअर जास्त घेतात, भाव चढतो आणि पुढे उतरतो. आणखी एक गोष्ट वाचून तर मी चाटच पडले. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी स्वतःजवळचे शेअर विकण्याआधी जाहिरातीचा खर्च वाढलेला दिसतो, नंतरच्या वर्षी तो कमी होतो!

असं का व्हावं? लक्ष्मीपुरीच्या बाजाराचंच बघा ना. विकणारीला पाटीत आहे तेवढंच विकता येतं, पण घेणारीपुढे सगळा बाजार पसरलेला. शेअर तर हजारो. जो डोळ्यांत भरतो त्याच्याकडेच हात जातो.

आपल्याकडे 2008 च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरचे शेअर विक्रीला आले, तेव्हा टीव्हीवर, रस्त्यारस्त्यांवर त्यांच्याच जाहिराती होत्या. कंपनीचं एकही वीजकेंद्र तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. तरी मागणी सत्तर पटींहून जास्त! 450 रुपयांचा शेअर (छोट्या गुंतवणूकदारांना 430 ला) 11 फेब्रुवारीला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी 372 च्या आसपास उतरला. मधल्या काळात जगभरचे बाजार कोसळले होते हे खरं, आणि कंपनीने पुढे बोनस शेअरही दिले. पण रांगा लागल्या त्या जाहिरातींनी, हेही तितकंच खरं.

परवा जेवताना धीर करून ह्यांना सगळं सांगितलं. यांचा घास हातातच राहिला.

“किती गेले?”

“सहा हजार.”

बराच वेळ गप्प बसले. मग ताटाकडे बघतच म्हणाले, “माझे अकरा.”

कंपनी तीच! जाहिरात आम्ही दोघांनी शेजारी बसूनच पाहिली होती ना.