निनावी खर्ज

दाभोळकडे शिमग्यात पालखी निघाली म्हणजे ढोल कानांआधी छातीस जाणवतो. त्याची लय प्रथम कोणी बसविली, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या ‘ड्रेक्सिया’ या जोडीच्या टेक्नो-तबकड्या ऐकताना आम्हांस तसाच खर्ज भेटला. हा यंत्रनाद मात्र काळोखा आहे, आणि तो उगाच नव्हे. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गर्भवती स्त्रियांच्या उदरातील बालके तळाशी जगली, अशी कल्पित कथा त्यांच्या १९९७ सालच्या ‘द क्वेस्ट’ या संग्रहासोबत छापिली आहे. कर्त्यांनी स्वतःची नावे झाकून ठेविली. जेम्स स्टिन्सन हे नाव बहुतेकांस कळले ते २००२ साली, त्याच्या निधनानंतर. ज्यांची नावे सागराने गिळली, त्यांच्यासाठी वाजविताना आपले नाव मिरविणे अप्रशस्तच नव्हे काय?