खिळे जुळवणाऱ्या बायका

आपल्या पुस्तकाची मुद्रिते दुसऱ्याच्या हाती देणे मला फार जड जाते. एक काना हुकला तरी शाळा सुटताच मी छापखाना गाठतो. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी! पण अशा वेळी मला पुण्याजवळचे केडगाव आठवते.

1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली पंडिता रमाबाईंनी तिथे वसवल्या. ‘मुक्ती’त त्या विणकाम शिकल्या, शेती शिकल्या नि पुढे छपाईही. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणीत होत्या. त्याचे खिळे जुळवण्याचे काम त्यांनी आश्रमातल्या बायकांकडेच सोपवले. ज्या ग्रंथावर स्वतःचा सारा भरवसा, तो या हातांत! पवित्र ग्रंथात एक अक्षर चुकणे म्हणजे काय, हे अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या लेकीला का ठाऊक नव्हते?

ख्रिस्ताच्या एका दृष्टांतातला धनी आपले द्रव्य चाकरांच्या हवाली करून परदेशी निघून जातो. मागे राहून त्यांच्यावर नजर ठेवीत नाही. रमाबाई 1922 च्या एप्रिलात गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडले ते 1924 साली.