सराला बेटाच्या तीरावर

वैजापूर तालुक्यांत गोदावरीच्या पात्रामध्यें सराला बेट आहे. गंगागिरी महाराजांचें हें स्थान. आगगाडीनें येणारानें रोटेगांव स्थानकावर उतरावें. गतवर्षीं आम्ही तेथें गेलों, तेव्हां स्पॅनिश भाषा शिकणारी नात बरोबर होती. तीरावर तिनें विचारलें, "आजोबा, 'पोदेर' म्हणजे शकणें. मग 'पोदीआ' आणि 'पुदे' अशीं दोन भूतकाळीं रूपें कशाला?"

आम्हीं नदीकडे बोट दाखविलें. 'मला नदी पोहून जातां येत असे' यांत केवळ सामर्थ्य आहे. अमुक दिवशीं गेलों कीं नाहीं, हें त्यांत नाहीं. ही 'पोदीआ'. 'त्या दिवशीं मला पोहून जातां आलें' यांत कार्य तडीस गेलें. हें 'पुदे'. 'नो पुदे' म्हणजे बहुधा यत्न केला, परंतु साधलें नाहीं. 'ओ'चा 'उ' होतो म्हणून वैयाकरण त्यास अनियमित म्हणतात. वस्तुतः तें लॅटिन 'पोतुइ'चेंच वंशज, जसें आपलें 'शकणें' संस्कृत 'शक्' धातूचें.

नात क्षणभर गप्प राहिली. तिच्या आजीला या बेटाची फार ओढ होती. पुष्कळ वर्षें तिला कोसभर सहज चालतां येत असे. अखेर ती निघाली, तेव्हां गुडघ्यांमुळें रोटेगांवाहूनच परतली. "म्हणजे आजीचें आधीं 'पोदीआ' आणि मग 'नो पुदो'," नात हळूच म्हणाली.

तृतीय पुरुषाचें रूप तिनें अचूक सांगितलें. वाचकहो, घरांतील वडीलधाऱ्यांचें पहिलें रूप वर्तमानकाळांत आहे, तोंच त्यांना यात्रेस न्यावें.