आकाशातून पाहिलेली धरती

७ डिसेंबर १९७२ रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१७ यानातील अंतराळवीरांनी सुमारे २९ हजार किलोमीटर अंतरावरून पृथ्वीचे एक छायाचित्र टिपले. निळ्या गोटीसारखी दिसणारी ती पृथ्वी आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिली आहे. मात्र मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वर होता. अंटार्क्टिकाचे हिमाच्छादन माथ्यावर आणि अरबस्तान तळाशी, अशी ती पृथ्वी होती. नकाशात उत्तर दिशा वर पाहण्याची जगाला सवय असल्यामुळे प्रसिद्ध करताना ते चित्र फिरवण्यात आले. अवकाशात वर आणि खाली असे काही नसते. ते ठरवतो नकाशा काढणारा. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ‘खालचे’ म्हटले गेले, त्यांच्या मुलांना हे सांगताना भूगोलाचा तास केवळ भूगोलाचा उरत नाही, असा या विद्यालयातील माझा अनुभव आहे.

उंचावरून भूमी पाहण्याची माणसाची ओढ जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून आकाशात जाऊन छायाचित्रे घेतली. २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडण्यात आला आणि १७ मार्च १९८८ रोजी आपल्या देशाचा ‘आयआरएस-१ए’ अवकाशात गेला. पिके, पाणी, जंगले यांची मोजदाद हे या उपग्रहांचे काम. परंतु त्यांनी पाठवलेल्या काही प्रतिमा इतक्या देखण्या निघाल्या, की अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यांचा ‘अर्थ अ‍ॅज आर्ट’ या नावाने संग्रहच केला. पृथ्वी हीच कलाकृती, असा त्याचा भाव.

या संग्रहातील स्वीडनच्या गॉटलंड बेटाची प्रतिमा मला विशेष प्रिय आहे. काळसर समुद्रात हिरवट भोवरे गरगरत आहेत. व्हॅन गॉगने १८८९ मध्ये रंगवलेल्या तारांकित रात्रीची आठवण व्हावी, असे ते दृश्य. हे भोवरे म्हणजे अतिसूक्ष्म वनस्पतिप्लवकांचे थवे. बाल्टिक समुद्रात त्यांचे असे पीक माजण्यास शेतांतून वाहून येणाऱ्या खतांचाही हातभार लागतो, हे कळल्यावर चित्राचे सौंदर्य कमी होत नाही. पण त्याचा अर्थ बदलतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या प्रतिमेत लाल वर्तुळांची ओळच्या ओळ दिसते. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी वाटणारी ती वर्तुळे म्हणजे फिरत्या तुषारयंत्रांनी भिजवलेली शेते. त्यांना पाणी येते भूगर्भातील ओगलाला जलस्तरातून, आणि तो जलस्तर खालावत चालला आहे.

शेते हिरवी, मग चित्रात लाल कशी? निरोगी वनस्पती जे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. उपग्रहातील उपकरण ते टिपते आणि चित्र सिद्ध करताना त्यांना सहसा लाल रंग दिला जातो. अशा चित्राला ‘मिथ्यावर्ण’ म्हणतात. रंग मिथ्या, पण त्याने सांगितलेली गोष्ट सत्य. मात्र कोणत्या किरणांना कोणता रंग दिला आहे, हे ठाऊक नसेल तर पाहणारा फसतो. चित्र नुसते पाहून भागत नाही, ते वाचावे लागते.

कधी कधी वाचण्यासाठी खाली उतरावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले. उपग्रहाच्या प्रतिमांत हिरव्या पाण्याचा झालेला तो गुलाबी बदल साऱ्या जगाने पाहिला आणि वाखाणला. त्याचे कारण मात्र आकाशातून कळले नाही. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे घडले, असे आढळले. रंग आकाशाने दाखवला, कारण काठावरून भरून नेलेल्या पाण्याने सांगितले.

अंतराळातून देशांच्या सीमा दिसत नाहीत, सारी मानवजात एक दिसते, असे वाक्य आपण भाषणांतून वारंवार ऐकतो. त्यातील सदिच्छा मला मान्य आहे. वाक्य मात्र पुरते खरे नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून रात्री घेतलेल्या एका छायाचित्रात भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील सीमा नारिंगी रेघेसारखी झळकते. कुंपणालगतच्या प्रखर दिव्यांची ती रेघ आहे. माणसाने आखलेल्या रेघा आकाशापर्यंत पोहोचतात.

दिवे नसलेल्या रेघाही पोहोचतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. नववीच्या वर्गात ते पडद्यावर उघडून मी मुलांना आपापले गाव शोधायला सांगतो. प्रथम नदी सापडते, मग रस्ता, मग एकमेकांना खेटून बसलेल्या छपरांचे गावठाण. त्यानंतर मुले आपले घर शोधू लागतात. बोट गावठाणातून बाहेर सरकते, ओढा ओलांडते आणि पलीकडच्या वीस-पंचवीस छपरांच्या वेगळ्या पुंजक्यावर थांबते. मराठवाड्यातील मुलगी असो वा विदर्भातील मुलगा, बोटाचा प्रवास बहुधा तोच असतो. एका वर्षी एका मुलीने विचारले, “सर, इतक्या उंचावरूनही हे कळतं?” मी ‘हो’ म्हटले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना खेडे सोडण्यास का सांगितले, हे त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मग त्याच गावाची जुनी प्रतिमा आम्ही नव्या प्रतिमेशेजारी ठेवतो. कुठे पाऊलवाटेचा रस्ता झालेला असतो, कुठे पत्र्यांच्या जागी स्लॅबची छपरे आलेली असतात, कुठे विहाराचा पांढरा ठिपका नव्याने उमटलेला असतो. कुठे काहीच बदललेले नसते. अनित्यता हा शब्द मुले वंदनेच्या वेळी ऐकतात; येथे तो त्यांना डोळ्यांनी दिसतो. जे माणसांनी घडवले, ते माणसांना बदलता येते, एवढे त्या दोन प्रतिमा निश्चित सांगतात.

उंचीने काय मिळते, याचे उत्तम उदाहरण जावा बेटावरील बोरोबुदूर हा स्तूप आहे. सहा चौरस स्तर, त्यांवर तीन वर्तुळाकार स्तर आणि त्या वर्तुळांवर ७२ जाळीदार लहान स्तूप. आकाशातून पाहिले, की मंडलाची ती संपूर्ण आकृती एका दृष्टिक्षेपात उलगडते. ती घडवणाऱ्या शिल्पकारांना मात्र हे दृश्य कधी पाहायला मिळाले नाही. त्यांनी ते मनाने पाहिले, आणि उपासकांनी प्रदक्षिणा घालत पायांनी.

उंचीने काय हुकते, ते आपल्या अजिंठ्यात कळते. उपग्रहाच्या प्रतिमेत वाघूर नदीने घेतलेले घोड्याच्या नालेसारखे वळण स्पष्ट दिसते. पठार दिसते, झाडी दिसते. लेणी मात्र दिसत नाहीत, कारण ती उभ्या कड्याच्या पोटात, आडवी आत कोरलेली आहेत. पद्मपाणीचे खाली झुकलेले करुण नेत्र पाहायचे असतील, तर दरीत उतरून, उंबरठा ओलांडून, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांतील अनेक माजी विद्यार्थी आज खूप उंचावर पोहोचले आहेत. कुणी परदेशात आहे, कुणी मोठ्या अधिकारपदावर. विमानाच्या खिडकीतून आपला मुलूख त्यांना सुंदर दिसत असेल, आणि तो सुंदर आहेच. भगवंतांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले जाते. ये आणि स्वतः पाहा, असे त्याचे निमंत्रण आहे. त्यात पाहण्याआधी येणे आहे. आकाशातून वस्तीचा आकार कळतो. ओढ्यापलीकडच्या कोणत्या घरात एखादे मूल रात्री उशिरापर्यंत पुस्तक उघडून बसले आहे, आणि त्याला कशाची उणीव आहे, हे त्या दारापर्यंत चालत गेल्यावरच कळते.