जागा शोधायला निघालो, विहारापाशी थांबलो

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही चौघे कार्यकर्ते परळहून निघालो. कुर्ल्याला गाडी बदलली आणि हार्बर मार्गाने गोवंडीला उतरलो. हाती मोजपट्टी आणि वही. काम एकच : तेथील एका वस्तीत प्राथमिक शाळेसाठी जागा पाहणे.

वाचकहो, इकडची पुष्कळ घरे 10 बाय 15 फुटांच्या जागेवरची. त्यावर माळा, माळ्यावर भाडेकरू. समोरून हंडा घेऊन बाई आली तर आपण भिंतीला पाठ लावायची, एवढी गल्ली. पहिलीतल्या मुलांनाही शाळेसाठी घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता ओलांडावा लागतो. ट्रकची सारखी वर्दळ. एक भगिनी म्हणाल्या, "दादा, मी सकाळी सहाला कामावर जाते. पोरीला रस्ता कोण ओलांडून देणार? म्हणून घरीच ठेवलीय." आम्हा चौघांनाही काही बोलवेना.

शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान, हेही कायद्यातच आहे. पण या वस्तीत मैदान आणायचे कोठून?

दुपारपर्यंत हिंडलो. पत्र्याची एक शेड पाहिली, तिचे भाडे झेपणारे नव्हते. एका मंडळाची खोली पाहिली, तीत वीस मुलेही बसली नसती. शेवटी दमून विहाराच्या पायरीवर टेकलो. दाराला कुलूप! किल्ली मागवून सभागृह मोजले : 20 बाय 30, म्हणजे 600 चौरस फूट. रविवारी सकाळी वंदना, अधूनमधून लग्न, पुण्यानुमोदन. बाकी दिवस कुलूप.

सायंकाळी तेथेच बैठक झाली. एक वडीलधारे म्हणाले, "पोरे भिंती खराब करतील. लग्नाचे भाडे बुडाले तर लाईटबिल कोण भरणार?" प्रश्न खोटा नव्हता. तेव्हा मागून एक आजी उठल्या. म्हणाल्या, "या विहाराच्या विटा आम्ही डोक्यावर वाहिल्या. कुलूप लावायला नाही वाहिल्या."

बाबासाहेबांनी परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून 1907 साली मॅट्रिक केले. 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेही लष्करी बराकींत. इमारत होईपर्यंत ते थांबले नाहीत.

बैठकीत ठरले : पहिली-दुसरीचे वर्ग विहारात भरवावेत, असा पालिकेला अर्ज करायचा. लग्ने रविवारी घ्यायची. लाईटबिलासाठी घरटी दहा रुपये काढायचे. मात्र विहार म्हणजे शाळा नव्हे. म्हणून विकास आराखड्यातील शाळेच्या आरक्षणाचा भूखंड द्यावा, ही मागणीही त्याच अर्जात लिहिली. आपण विहार दिला म्हणजे हक्क सोडला, असा अर्थ कोणी काढू नये.

रात्रीच्या गाडीने परतलो. वाचकांना एकच विनंती : आपल्या वस्तीतील विहाराचे कुलूप आठवड्यातून किती दिवस उघडते, ते एकदा मोजून पाहा.

जयभीम!